पित्ताची गोळी कधी, किती दिवस आणि कशासोबत? सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून पित्ताच्या औषधांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी ठेवले आहेत. औषधांची नावं कंपनीची नाहीत, मूळ घटकाची आहेत. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात ती छापलेली असतात, तिथे ताडून बघा. आत्ता, या क्षणी छातीत दुखत असेल तर थेट प्रश्न ३ वर जा.

१. "पित्त झालंय" म्हटलं की मेडिकलवाला गोळी देतो. पण ती नेमकी कशावर चालते?

"पित्त" या एका शब्दात आपण चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. छातीच्या मधोमध जळजळणं, आंबट पाणी घशाशी येणं, करपट ढेकर ही आम्लाची तक्रार, आणि गोळी चालते ती यावर. अंगावर गांधी उठतात त्यालाही पित्त उठणं म्हणतात. ती ॲलर्जी, तिथे पँटोप्राझोलचा (आम्ल कमी करणाऱ्या नेहमीच्या गोळीचा) काही उपयोग नाही. उलटीत येणारं हिरवट-पिवळं कडू पाणी हे यकृतातून येणारं खरं पित्त. आम्लाची गोळी ते थांबवत नाही.

चौथा प्रकार सगळ्यात जास्त चुकतो: "पित्त डोक्यात चढलं, उन्हातून आलो की अर्धं डोकं ठणकतं, उजेड नको वाटतो, उलटी झाली की मोकळं वाटतं." ही बहुतेक वेळा अर्धशिशी असते. अशी माणसं वर्षानुवर्षं पित्ताची गोळी खातात आणि डोकेदुखी जागच्या जागी राहते. हे वर्णन जुळत असेल तर डॉक्टरांना "पित्त" न सांगता "डोकं दुखतं" असं सांगा.

२. पातळ औषध, चघळायची गोळी, सकाळची गोळी, यांत फरक काय?

तीन गट आहेत. अँटासिड (ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, कॅल्शियम कार्बोनेट) पोटात आधीच असलेलं आम्ल मारतात. काही मिनिटांत आराम पडतो आणि तास-दोन तासांत ओसरतो. ॲल्युमिनियमने मलावरोध होतो, मॅग्नेशियमने पोट सैल होतं, म्हणून दोन्ही एकत्र घालतात. बाटली हलवून घ्या, नाहीतर औषध तळाशी आणि वर नुसतं पाणी. सोडियम अल्जिनेट असलेलं पातळ औषध जेवणावर साय धरल्यासारखं तरंगतं आणि आम्ल वर येऊ देत नाही. ते जेवणानंतर आणि झोपताना घ्यायचं.

दुसरा गट फॅमोटिडीनचा. तासाभरात चालू होतो, दहा-बारा तास टिकतो. रोज घेतलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत शरीराला सवय होऊन जोर कमी पडतो.

तिसरा गट नावात "प्राझोल" असलेल्यांचा: ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल. हे आम्ल तयार करणारा पंपच बंद करतात. सगळ्यांत जोरदार, पण सगळ्यांत सावकाश. पूर्ण परिणामाला तीन ते पाच दिवस लागतात. आमच्याकडे येणारे बहुतेक प्रश्न याच गटाचे असतात.

३. छातीत जळजळतंय. पित्त आहे की हार्ट अटॅक, घरी कसं ओळखायचं?

घरी खात्रीने ओळखता येत नाही, आणि डॉक्टरही ईसीजीशिवाय ओळखत नाहीत. दाब दिल्यासारखं दुखणं, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, धाप, चालताना-जिना चढताना दुखून थांबल्यावर कमी होणं यांपैकी काहीही असेल तर गोळी-सोडा घेऊन वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या दवाखान्यात जा. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना अटॅकमध्ये नुसतं "गॅस अडकल्यासारखं" वाटू शकतं. अँटासिडने बरं वाटलं म्हणून हृदयाचं नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

४. "सकाळी रिकाम्या पोटी" म्हणजे नक्की कधी? चहासोबत चालते का?

प्राझोल गटाची गोळी खाण्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी, साध्या पाण्याबरोबर. चहासोबत नाही, दुधासोबत नाही.

कारण समजलं की वेळ पाळणं सोपं जातं. गोळी विरघळून रक्तात येते आणि तिथे जेमतेम काही तास राहते. ती फक्त चालू असलेला पंप पकडते, आणि पंप चालू होतात ते पोटात अन्न पडल्यावर. म्हणजे औषध रक्तात भरलेलं असताना जेवण पोटात पडलं पाहिजे. गोळी घेऊन दुपारपर्यंत काहीच खाल्लं नाही तर औषध येऊन निघून जातं आणि पंप झोपलेलेच राहतात. नाश्त्यानंतर घेतली तर गोळी पोटात रेंगाळते आणि गाडी सुटल्यावर स्टेशनात पोहोचते. "पँटोप्राझोल मला लागूच पडत नाही" म्हणणाऱ्यांनी डोस वाढवण्याआधी वेळ तपासावी. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

सकाळी साडेसहाला उठून चहा-खारी घेत असाल तर तोच तुमचा नाश्ता धरा: उठल्याबरोबर गोळी, तोंड धुणं, पाणी भरणं, आणि मग अर्ध्या तासाने चहा. कोरा चहासुद्धा तेवढा वेळ थांबवा.

५. मी यंत्रमागावर रात्रपाळी करतो. सकाळी झोपतो, पहिलं जेवण दुपारी. मग गोळी कधी?

घड्याळ सोडा, जेवण धरा. उठल्यावरचं पहिलं मोठं जेवण दुपारी दोनला असेल तर गोळी सव्वाला. जळजळ मुख्यतः पाळीवरून आल्यावर आडवं पडताना होत असेल तर पाळीतल्या जेवणाआधी घेतलेली गोळी जास्त उपयोगी पडते. सकाळी पोटभर जेवून लगेच पडणं हेच मूळ दुखणं असतं, त्याबद्दल प्रश्न १९ मध्ये आहे. एखादी गोळी चुकली तर पुढच्या जेवणाआधी घ्या. दोन एकदम घेऊ नका.

६. गोळी मोठी आहे. तोडून, कुटून घेऊ का?

नको. प्राझोल आम्लात नष्ट होतं, म्हणून गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं. कुटलीत की औषध पोटातच वाया गेलं. गिळता येत नसेल तर दाणे भरलेली कॅप्सूल डॉक्टरांकडून लिहून घ्या. ती उघडून दाणे चमचाभर शिजवलेल्या सफरचंदाच्या मऊ गरावर टाकायचे आणि न चावता लगेच गिळायचे. नाकात नळी असलेल्या रुग्णासाठी इसोमेप्राझोलची पावडर मिळते.

७. शनिवारी मटण-शीकचा बेत आहे. आधीच एक गोळी घेतली तर?

एखाद्याच दिवसासाठी पँटोप्राझोल फारसं कामाचं नाही, कारण प्रश्न २ मध्ये दिलंय. अशा वेळी जेवणाआधी १५ ते ६० मिनिटं फॅमोटिडीन २० मि.ग्रॅ. किंवा जेवणानंतर अल्जिनेट जास्त शहाणपणाचं. दर शनिवारी हीच तयारी करावी लागत असेल तर प्रश्न गोळीचा राहिलेला नाही.

८. गोळी किती दिवस घ्यायची?

नेहमीच्या आम्लपित्ताला ४ ते ८ आठवडे, रोज एकदा, मग थांबवून बघायचं. परदेशात या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात, तिथेही पाकिटावर १४ दिवसांची मर्यादा छापलेली असते आणि असा कोर्स चार महिन्यांत एकदाच घ्यायचा असतो. आपल्याकडे एकच जुनी चिठ्ठी दाखवून तीन-तीन वर्षं पट्ट्या नेल्या जातात. चिठ्ठीवर दिवस लिहिलेले नसतील तर तिथेच विचारा: "कधी बंद करू?"

काहींनी मात्र ती आपल्या मनाने बंद करू नये: अन्ननलिकेला गंभीर जखमा असलेले, तिच्या अस्तरात बॅरेट्स नावाचा बदल सापडलेले, अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलेले, रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र चालू असलेले, आणि सांधेदुखीसाठी रोज वेदनाशामक घेणारे वयस्कर. या लोकांना गोळीपासून जेवढा धोका, त्याहून बंद करण्यात जास्त.

९. बंद केली की दुप्पट जळजळतं. म्हणजे आयुष्यभर घ्यावीच लागणार का?

नाही. काही आठवडे पंप दाबून ठेवले की शरीर आम्ल वाढवा असा निरोप देणारं गॅस्ट्रिन वाढवतं. गोळी थांबली की हा साठलेला निरोप एकदम पोहोचतो आणि आम्ल आधीपेक्षा जास्त सुटतं. अजिबात तक्रार नसलेल्या निरोगी माणसांना आठ आठवडे गोळी देऊन थांबवली तेव्हा त्यांनाही जळजळ झाली. साधारण दोन ते चार आठवड्यांत, कधी थोडं जास्त लागून, हे शमतं.

एकदम थांबवलं तरी चालतं, पण बहुतेकांना पायऱ्यांनी सोपं जातं: ४० मि.ग्रॅ.वरून २० वर दोन आठवडे, मग एक दिवसाआड दोन आठवडे, मग बंद. मधल्या काळात जळजळलं तर पुन्हा पँटोप्राझोलकडे न वळता अल्जिनेट किंवा अँटासिड १० मि.लि. घ्या. दोन महिने उलटूनही त्रास तसाच असेल तर मूळ आजार बाकी आहे, डॉक्टरांना दाखवा. प्रश्न ८ मधल्या यादीत असाल तर हा प्रयोग करू नका.

१०. माझ्या गोळीच्या नावापुढे "डी" किंवा "डीएसआर" आहे. साधी आणि ही एकच ना?

एक नाही. "डी" म्हणजे सोबत डोंपेरिडोन, मळमळ-उलटीचं औषध. ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०१४ साली दिवसाला जास्तीत जास्त ३० मि.ग्रॅ. आणि शक्यतो एक आठवडाच अशी मर्यादा घातली. "डीएसआर" कॅप्सूलमध्ये सहसा हेच ३० मि.ग्रॅ. असतं. म्हणजे एकाच कॅप्सूलमध्ये दिवसाचा कोटा संपतो, आणि लोक ती महिनोन्महिने घेतात. साठीपुढचे, हृदयाचा आजार असलेले, आणि अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोल चालू असलेले यांनी विशेष जपावं. धडधड किंवा चक्कर आली तर थांबवा आणि दाखवा.

"एल" किंवा "एलएस" असेल तर आत लेव्होसल्पिराइड असू शकतं. म्हाताऱ्या माणसांत त्याने हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा थिजल्यासारखा दिसणं असं पार्किन्सनसारखं चित्र तयार होतं. बायकांत पाळी चुकते, स्तनातून दूध येतं. आजोबांचा चहाचा कप अलीकडे बशीवर खडखडायला लागला असेल तर मेंदूच्या डॉक्टरांकडे जातानाही पित्ताची पट्टी सोबत न्या. नुसती जळजळ असेल तर साधी, एकाच घटकाची गोळी मागा.

११. रॅनिटिडीन वर्षानुवर्षं घेतोय. ते बंद झालं म्हणतात, खरं का?

अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला सांगितलं गेलं. त्यात एनडीएमए नावाचा, कर्करोगाला कारण ठरू शकणारा घटक सापडला होता. भारतात सरसकट बंदी आली नाही, पण २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं गेलं. साठवणीचं तापमान वाढलं की हा घटक गोळीतच वाढत जातो, हे आपल्या हवेत लक्षात ठेवण्यासारखं. फॅमोटिडीन त्याच गटातलं आहे आणि त्यात ही अडचण आढळलेली नाही. बदल करून मागायला हरकत नाही.

१२. सर्दी-तापाच्या चिठ्ठीतही पित्ताची गोळी असते. लागतेच का?

तीन-पाच दिवसांच्या अँटिबायोटिकसाठी किंवा पॅरासिटामॉलसाठी सहसा लागत नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांच्यासोबत वय ६५ च्या पुढे असेल, आधी अल्सर झाला असेल, किंवा स्टेरॉइड वा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर नक्की लागते. आणि सुई? गोळी गिळता येत असेल तर पित्ताचं इंजेक्शन जास्त "पॉवरफुल" नसतं. ते सतत उलट्या होणाऱ्यांसाठी आणि रक्तस्रावासाठी.

१३. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, पित्ताचीही रिकाम्या पोटी. आधी कुठली?

आधी थायरॉइडची, उठल्याबरोबर. पित्ताची अर्ध्या तासाने, आणि मग अजून अर्ध्या तासाने नाश्ता. एवढी कसरत होत नसेल तर पित्ताची गोळी डॉक्टरांना विचारून रात्रीच्या जेवणाआधी घ्या. पण अंतर ठेवून प्रश्न पूर्ण सुटत नाही. थायरॉक्सिन शोषायला आम्ल लागतं आणि प्राझोल ते दिवसभर कमी ठेवतं. म्हणून पित्ताची गोळी सुरू किंवा बंद केल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासा. अँटासिड आणि थायरॉइडच्या गोळीत मात्र चार तासांचं अंतर हवंच.

१४. आणखी कोणत्या औषधांशी भांडण होतं?

क्लोपिडोग्रेल: अँजिओप्लास्टी झालेल्यांनी ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळावं, त्याने क्लोपिडोग्रेलचा जोर कमी होतो. पँटोप्राझोल चालतं. लोहाच्या गोळ्या आम्ल कमी असताना नीट शोषल्या जात नाहीत. कॅल्शियम घ्यायचं असेल तर कार्बोनेटऐवजी सायट्रेट बरं. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांना अँटासिड पोटात चिकटून धरतं, किमान दोन तास आधी अँटिबायोटिक घ्या. बुरशीसाठीचं इट्राकोनाझोल कॅप्सूल, मेथोट्रेक्सेट, डिगॉक्सिन, एचआयव्हीची औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय काहीच नको.

१५. फार दिवस घेतल्याने हाडं ठिसूळ होतात, किडनी जाते म्हणतात. किती खरं?

काही खरं, काही फुगवलेलं. पँटोप्राझोल ४० मि.ग्रॅ. आणि खोटी (औषध नसलेली) गोळी यांची तुलना करणारी एक मोठी चाचणी झाली. साडेसतरा हजारांवर माणसं होती, सुमारे तीन वर्षं. त्यात ठळक फरक निघाला तो आतड्याच्या संसर्गांचा, १.४ टक्के विरुद्ध १ टक्का. आम्ल हे जंतूंचं कुंपण असतं. ते काढलं की पावसाळ्यातलं गढूळ पाणी, उघड्यावरची पाणीपुरी, वारीतलं खाणं जास्त बाधतं.

बी-१२ कमी होणं हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं. शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आणि वर वर्षानुवर्षं प्राझोल अशी तिहेरी गाठ पडली की पायाला मुंग्या, थकवा, जीभ सोलल्यासारखी होते. वर्षातून एकदा बी-१२ तपासा. मॅग्नेशियम कमी झालं तर पेटके येतात, धडधडतं. वर्षाहून जास्त काळ, मोठ्या डोसने घेणाऱ्यांत हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं. किडनीला सूज येणं क्वचित, पण अचानक होतं. गोळी सुरू केल्यावर लघवी कमी, ताप, अंगावर पुरळ दिसलं तर लगेच क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करा.

असा काही दुष्परिणाम जाणवला तर रुग्ण स्वतःही १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर कळवू शकतो.

१६. खाण्याचा सोडा, फ्रूट सॉल्ट, थंड दूध चालतं का?

थंड दुधाने पाच-दहा मिनिटं गार वाटतं. मग त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम आणखी आम्ल सोडायला लावतात. रात्री झोपताना तर नकोच. सोड्याच्या एका सपाट चमच्यात सुमारे १,२६० मि.ग्रॅ. सोडियम असतं, आणि दिवसाची शिफारस २,००० च्या आत. फ्रूट सॉल्टही मूळचा सोडाच. बीपी, हृदय, किडनी किंवा पायाला सूज असेल तर दोन्ही टाळा. गच्च जेवणावर सोडा तर मुळीच नको, एकदम सुटलेल्या वायूने पोटाला इजा होऊ शकते.

किडनी कमजोर असेल तर मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमची पातळ औषधंही रोज नकोत, ते घटक अंगात साठतात. फॅमोटिडीनचा डोसही कमी करावा लागतो, नाहीतर वयस्कर माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. आणि पातळ औषधात साखर असते, मधुमेहींनी शुगर-फ्री मागावं.

१७. गरोदरपणात काय घ्यावं? आणि तान्ह्या बाळाला?

गरोदरपणात आधी थोडं-थोडं खाणं आणि परकराची नाडी सैल. मग कॅल्शियम किंवा अल्जिनेटचं औषध, न भागल्यास फॅमोटिडीन, तरीही न भागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ओमेप्राझोल. सोडा नको. पाचव्या महिन्यानंतर वरच्या पोटात दुखणं, डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं असेल तर ते पित्त समजू नका, बीपी तपासा.

बाळ दूध पिऊन हसतखेळत गुळणी टाकतं आणि वजन वाढतंय, तर कोणतंही औषध नको. मोठ्यांचं बधिर करणारं जेल (त्यात ऑक्सेटाकेन असतं) लहान मुलांना देऊ नका.

१८. एकादशीला आणि रोज्यात गोळीचं काय करायचं?

एकादशीला पहिला फराळ कराल त्याआधी अर्धा तास. साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड आणि दिवसभर कोरा चहा हे जळजळीला आमंत्रणच. भगर-आमटी हलकी पडते. निर्जळी असेल तर त्या दिवशीची गोळी सोडली तरी साध्या आम्लपित्तात बिघडत नाही. रोजा पाण्याने सोडताना गोळी घ्यावी, मगरीबची नमाज अदा करून मग जेवावं. जवळजवळ तेवढं अंतर आपोआप मिळतं. अल्सर असेल तर उपवासाआधी डॉक्टरांशी बोला.

१९. कडक भाकरी आणि शेंगा चटणी सोडावी लागेल का?

सगळ्यांना नाही. तिखटाने अल्सर होत नाही, पण आधीच सोललेल्या अन्ननलिकेला ते झोंबतं. भाकरी निर्दोष आहे. चटणीवरचं तेल, लसूण आणि रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवं होणं, यात बहुधा गुन्हेगार सापडतो. दोन आठवडे वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजता, कधी जळजळलं. ज्याने खरंच होतं तेवढंच सोडा. तंबाखू, मिश्री, बिडी मात्र लिहून बघायची गरज नाही. त्यांनी अन्ननलिकेची झडप सैल पडते.

जेवण आणि झोप यांत तीन तास. डाव्या कुशीवर झोपा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून १५ ते २० सें.मी. उंची द्या. नुसत्या दोन उशांनी पोट दुमडतं आणि उलट दाब येतो. गच्चीवर किंवा जमिनीवर झोपत असाल तर सतरंज्या-चादरींच्या घड्या गादीखाली कमरेपासून डोक्यापर्यंत चढत्या घाला, उतार सलग हवा. वजन पाच-सहा किलो उतरलं तर कित्येकांची गोळी सुटते.

२०. मे महिन्यात घरातच भट्टी असते. औषधं खराब होतात का?

होतात. पट्टीवर २५° किंवा ३०° सेल्सिअसच्या आत ठेवा असं छापलेलं असतं, आणि आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. गाडीच्या डिकीत, खिडकीत, गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका. आतल्या खोलीतलं कपाट किंवा माठाशेजारची, पण कोरडी, जागा बरी. प्राझोलला ओलही सोसत नाही, म्हणून आठवड्याच्या गोळ्या सोलून डबीत भरू नका, पट्टी कापून ठेवा. रंग बदललेली, चिकटलेली, फुगलेली गोळी फेकून द्या.

२१. पोटातल्या जंतूची तपासणी सांगितलीय. गोळी चालू ठेवू?

एच. पायलोरीसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी असेल तर प्राझोल दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद हवं. नाहीतर जंतू दबून बसतो आणि रिपोर्ट खोटा "निगेटिव्ह" येतो. मधल्या काळात अँटासिड चालतं. प्रश्न ८ च्या यादीत असाल तर थांबवण्याआधी विचारा.

२२. दुर्बिणीची तपासणी कधी टाळू नये?

घास अडकणं. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. डांबरासारखी काळी, चिकट, वास मारणारी शी (लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, पण ती चिकट नसते). विनाकारण वजन उतरणं, हिमोग्लोबिन घटणं. पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. नीट वेळेवर आठ आठवडे गोळी घेऊनही न थांबलेली जळजळ. काळी शी किंवा रक्ताची उलटी असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी सिव्हिल किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. जाताना चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, गुडघ्यासाठी घेत असलेली वेदनाशामकसुद्धा.